कुजलेला मासा आणि सहृदयाचे नाक

'आस्वाद' हा शब्द मराठी समीक्षेने इतकी वर्षे सोवळ्यात ठेवला, की त्याचा जिभेशी काही संबंध आहे हेच आपण विसरून गेलो. रस, रुची, रसिक, आस्वादक ही सारी परिभाषा स्वयंपाकघरातून उचललेली. पण ते स्वयंपाकघर कोणाचे, त्यात काय शिजत होते आणि उंबऱ्याबाहेर कोणाला बसवले होते, हा प्रश्न मात्र साहित्यबाह्य! दलित साहित्य आले तेव्हा प्रस्थापित रसिकाला ते बीभत्स वाटले. त्यावर आपल्याकडून उत्तर दिले गेले, सौंदर्यशास्त्राची नवी मांडणी झाली, शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली आले. हा सारा वाद झाला तो मुख्यतः डोळ्यांच्या आणि कानांच्या पातळीवर. दृश्य ओंगळ आहे का, शब्द शिवराळ आहे का, यावर भांडणे झाली. नाकाचा विचार राहून गेला. वस्तुतः जातिव्यवस्थेत स्पर्शाच्याही आधी नाक काम करते. माणूस हातभर अंतरावर यायच्या आतच नाकाने निकाल दिलेला असतो.

या नाकाचा विचार करायला सध्या एक आयतेच वाङ्मय उपलब्ध झाले आहे. जगातील उग्र वासाचे आंबवलेले, मुरवलेले मासे 'चाखून पाहण्याचे' वाङ्मय. प्रवासवर्णने, दूरचित्रवाणीवरील मालिका, हातातल्या फोनवर पाहायच्या चित्रफिती असे त्याचे नाना प्रकार आहेत. आपले विद्यार्थी कादंबऱ्या वाचत नसतील, पण हे वाङ्मय रोज पाहतात. तेव्हा त्याची समीक्षा करणे हे हलके काम आहे असे कोणी समजू नये.

या प्रकाराचा घाट ठरलेला आहे. शहरातला, सुस्थितीतला एक माणूस स्वीडनमधल्या 'सुरस्ट्रॉमिंग'चा फुगलेला डबा घेऊन बसतो. बाल्टिक समुद्रातला लहान हेरिंग मासा अगदी कमी मिठात आंबवून डब्यात भरलेला असतो. डब्यातही आंबण्याची क्रिया चालूच राहते म्हणून डबा फुगतो. तो उघडताच पाणी उसळते, माणूस मागे पडतो, नाक धरतो, तुकडा तोंडात घालतो, ओकतो किंवा ओकल्यासारखे करतो, आणि प्रेक्षक हसतात. उत्तर स्वीडनच्या किनाऱ्यावरची माणसे ऑगस्टच्या तिसऱ्या गुरुवारी हंगाम सुरू झाला की हाच मासा उघड्यावर बसून, पातळ भाकरीसारख्या पोळीत बटाटा आणि कांद्याबरोबर गुंडाळून, मित्रमंडळींसह खातात. ते चित्रफितीत येत नाही. कारण त्यात घडत काहीच नाही. माणसे जेवतात एवढेच. अँथनी बोर्डेन हा या क्षेत्रातला नामांकित माणूस, २०१८ साली वारला. गरिबांच्या अन्नाविषयी त्याने पुष्कळ समंजस लिहिले, बोलले. पण आइसलंडमधल्या आंबवलेल्या शार्कच्या बाबतीत आपण खाल्लेल्यांत सर्वांत भयंकर वस्तू ती हीच, असा शेरा त्याने मारला, आणि त्याच्या साऱ्या समंजसपणापेक्षा हा एक शेराच जास्त फिरला. २०१८ मध्येच स्वीडनमधील माल्मो येथे किळसवाण्या अन्नाचे एक संग्रहालय निघाले. तिथले तिकीट म्हणजे ओकारीची पिशवी! किळस ही सापेक्ष असते हे लोकांना पटवावे, असा चालकांचा हेतू आहे म्हणतात. हेतू चांगलाच आहे. पण हातात आधीच पिशवी दिलेला माणूस सापेक्षता शिकेल की पिशवी वापरेल?

आता भरताकडे वळू. नाट्यशास्त्रातल्या आठ रसांपैकी बीभत्स हा एक, जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव. जुगुप्सेचा अभिनय कसा करावा हेही तिथे सांगितले आहे: नाक झाकावे, अंग आकसून घ्यावे, उद्वेग दाखवावा. चाखणाऱ्याची चित्रफीत पाहिली की शास्त्रातला अभिनय जसाच्या तसा समोर येतो. दोन हजार वर्षांच्या जवळपास गेलेल्या या संहितेत फरक पडलेला नाही. पुढे अभिनवगुप्ताने 'सहृदय' उभा केला. काव्याच्या अभ्यासाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय. हा आरसा घासायची फुरसत आणि अधिकार कोणाला होता, हे वेगळे सांगायला नको. माझा मुद्दा मात्र थोडा पुढचा आहे. रंगभूमीवर जुगुप्सेचा विषय म्हणजे प्रेत, रक्त, कृमी. त्यांना दुखावण्यासारखे काही नसते. माशाचे तसे नाही. त्या माशाच्या मागे घर असते, तो मुरवणारी बाई असते, तिचा पोरगा शाळेत जात असतो. नाक झाकण्याचा अभिनय माशासमोर होतो, पण पाहणारा तो त्या पोराला लावतो. वासाचा हा गुण आहे. रंग वस्तूला चिकटून राहतो, वास वस्तू सोडून माणसाला चिकटतो.

आणि चाखणारा विचारतो काय? वास कसा आहे? मोज्यासारखा, चीजसारखा, मुतारीसारखा? उपमांची रेलचेल. वास असा का आहे, हे तो विचारत नाही. ते विचारले असते तर त्याला मीठ दिसले असते.

मिठाची गोष्ट थोडक्यात सांगतो. मासा भरपूर मिठात खारवला तर तो टिकतो आणि त्याला फारसा वासही येत नाही. मीठ कमी पडले की जंतूंना वाव मिळतो आणि मासा आंबतो. सुरस्ट्रॉमिंगची चाल पडली ती मीठ महाग होते म्हणून. जपानच्या इझू बेटांवर 'कुसाया' नावाचा वाळवलेला मासा करतात. एदो राजवटीत या बेटांना कर म्हणून मीठ द्यावे लागे. समुद्राच्या मध्यावर राहून, स्वतः मीठ काढून, लोकांना मासा खारवायला मीठ उरेना! तेव्हा एकच खारे पाणी ते पुन्हा पुन्हा वापरू लागले. त्या पाण्यात वर्षानुवर्षे मासे बुडत गेले आणि तो प्रसिद्ध दर्प तयार झाला. म्हणजे चाखणारा ज्याला नाक धरतो तो वास माशाचा नाही, करवसुलीचा आहे. आपल्या मणिपुरातला 'ङारी' तर बिनमिठाचाच. गोड्या पाण्यातला लहान मासा उन्हात वाळवायचा, आतून मोहरीचे तेल लावलेल्या मातीच्या मडक्यात ठासून दाबायचा, तोंड लिंपायचे आणि महिनोन्‌महिने ठेवून द्यायचा. हवा आत गेली तर सगळे नासले. हे कुजवणे नव्हे, कुजण्याला आवरून धरणे आहे. मराठीत 'कुजका' आणि 'मुरलेला' असे दोन शब्द आहेत. लोणचे मुरते, दुसऱ्याचा मासा मात्र कुजतो. शीर्षकात मी पहिला शब्द वापरला तो मुद्दाम.

या सगळ्यांत मला सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण वाटते ते दक्षिण कोरियातल्या 'होंगओ'चे. होंगओ म्हणजे आपल्याकडच्या पाकटाच्या नात्यातला मासा. या जातीच्या माशांच्या अंगात युरिया साठलेला असतो. मासा मेला की जंतू त्या युरियाचा अमोनिया करतात. पाकट, मोरी ताजीच करावी, ठेवली की नाकात जाते, हे आपल्या कोळणीला रसायनशास्त्र न शिकता ठाऊक असते. कोरियाच्या नैर्ऋत्येला जोल्ला प्रांत आहे. त्याच्या किनाऱ्यापासून दूर ह्युक्सान नावाचे बेट. तिथला मासा होडीने नदीमार्गे आत नाजूजवळच्या योङ्सानपो बंदरापर्यंत यायचा. वाटेत दिवस जात. बाकीचे मासे नासून जात. हा मात्र उग्र होई, पण खाल्ला तरी बाधत नसे. अमोनियामुळे इतर जंतूंना वाढायला जागाच मिळत नाही, हे त्याचे कारण. मीठ नाही, बर्फ नाही, आणि तरी टिकणारे मांसान्न! गरीब प्रांताने ते उचलले यात नवल नाही. उकडलेले डुकराचे मांस आणि जुनी मुरलेली किमची यांच्याबरोबर त्याचे काप खातात, सोबत तांदळाची दारू. जोल्लात लग्नाचे वा मयताचे जेवण होंगओशिवाय पुरे होत नाही. घास तोंडात घेतला की अमोनिया सरळ नाकात चढतो, डोळ्यांत पाणी येते. न खाणाऱ्याला वाटते ही शिक्षा आहे. खाणारा त्याचीच वाट पाहत असतो.

या माशाविषयी एक जुना लेखी पुरावा आहे. त्यापुढे आजचे सारे चाखणी-वाङ्मय फिके पडते. जोङ् याक-जोन हा राजधानीतला विद्वान, कॅथलिक धर्माशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून १८०१ च्या छळसत्रात हद्दपार झाला. ह्युक्सान बेटावर राहून त्याने तिथल्या समुद्री जीवांवर 'जासान ओबो' हा ग्रंथ १८१४ साली पुरा केला आणि १८१६ मध्ये हद्दपारीतच वारला. त्यात होंगओची नोंद आहे, आणि नाजूकडचे लोक तो मुरवून आवडीने खातात हेही आहे. नाक मुरडलेले नाही. कौतुकाचा उमाळाही नाही. लोक असे खातात, एवढेच. माझ्या दृष्टीने त्याहूनही महत्त्वाची आहे ती त्या ग्रंथाची प्रस्तावना. चाङ्-दे नावाच्या बेटावरच्या एका गरीब रहिवाशाच्या मदतीने आपण हे काम केले, असे या विद्वानाने तिथे नाव घेऊन लिहून ठेवले आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा, अभिजात चिनी लिपीत लिहिणारा हा पंडित एका बेटकऱ्याचे ज्ञान ज्ञान म्हणून मान्य करतो. २०२१ साली दिग्दर्शक ली जून-इक यांनी यावर कृष्णधवल चित्रपट काढला. त्यात चाङ्-दे मासेमार तरुण म्हणून येतो आणि दोघांत ज्ञानाचा सौदा होतो: तू मला मासे शिकव, मी तुला ग्रंथ शिकवतो. चित्रपट देखणा आहे, कुठे कुठे गुरुशिष्याच्या भाबडेपणात घसरतोही. पण चाखणारा आणि जाणणारा यांतला फरक त्याने धरला आहे. चाखणाऱ्याला घास घेऊन उठायचे असते. याक-जोनला उठून जायला जागा नव्हती. त्याची हद्दपारी त्याच्या दृष्टीला उपकारक ठरली, असे म्हटले तर ते क्रूर वाटेल, पण खरे आहे.

आता याच माशाची दुसरी गोष्ट. कोरियाचे औद्योगिकीकरण झाले ते पार्क चुङ्-ही यांच्या लष्करी राजवटीत. तेव्हा त्यांच्या स्वतःच्या ग्योङ्साङ् प्रांताकडे कारखाने गेले, जोल्ला मागे राहिला. जोल्लाची माणसे सोलच्या कामगारवस्त्यांत आली आणि त्यांच्याविषयी शहरात जे बोलले जाते ते आपल्याला ओळखीचे वाटेल: विश्वासाला नालायक, कावेबाज, जावई करू नये, भाडेकरू ठेवू नये. मे १९८० मध्ये याच प्रांतातल्या ग्वाङ्जू शहराने लष्करशाहीविरुद्ध उठाव केला. सैन्याने तो चिरडला, कितीतरी नागरिक मारले गेले. त्यांच्या शवपेट्यांपुढे रडणाऱ्या एका आईचे छायाचित्र आहे. २०१३ साली एका कुप्रसिद्ध संकेतस्थळावर कोणीतरी ते छायाचित्र टाकून त्याखाली अशा अर्थाचे लिहिले, की होंगओचे पार्सल पोचले. जोल्लाच्या माणसाला 'होंगओ' म्हणून हिणवण्याची रीत तिथे होतीच. आता तेहतीस वर्षांपूर्वीच्या प्रेतांनाही तेच नाव दिले गेले. लिहिणाऱ्यावर खटला झाला आणि तो दोषी ठरला.

हे वाचल्यावर 'मासा नुसता चाखून पाहिला, त्यात काय एवढे?' असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही. त्याला ते छायाचित्र दाखवावे. भरताने रंगभूमीसाठी सांगितलेला अभिनय रस्त्यावर आला की तो कुठवर जातो, ते इथे दिसते. आधी पदार्थाला वास, मग पदार्थाच्या नावाने माणूस, मग माणसाचे प्रेत म्हणजे नासका माल. मधली एकही पायरी तर्काने चढावी लागत नाही. नाक आपोआप चढवते.

एक खुलासा इथे केलाच पाहिजे, नाहीतर आपल्यातलेच मित्र घाईने समीकरण मांडतील. जोल्लाची अवहेलना म्हणजे जात नव्हे. कोरियात जातीच्या जवळ जाणारी गोष्ट होती ती 'बेक्जोङ्' या खाटीक व कातडे कमावणाऱ्या समाजाची. त्यांनी १९२३ साली जिन्जू येथे 'ह्योङ्प्योङ्सा' नावाची समतेची संघटना काढली. म्हणजे महाडच्या चार वर्षे आधी. तिच्याविषयी आपल्याकडे स्वतंत्रपणे लिहिले गेले पाहिजे. इथे मी प्रांताच्या अवहेलनेचे उदाहरण घेतले ते नाकाची चाल स्पष्ट दिसावी म्हणून.

नाकाची साक्ष न्यायालयात कशी चालते याचाही एक नमुना आहे. जर्मनीत १९८१ साली एका भाडेकरूने सुरस्ट्रॉमिंगचे पाणी जिन्यात सांडले म्हणून मालकाने त्याला तडकाफडकी घराबाहेर काढले. प्रकरण न्यायालयात गेले. मालकाच्या बाजूने सरळ भर न्यायालयात डबा उघडला, आणि न्यायालयाने मालकाचे म्हणणे उचलून धरले. भाडेकरूने ते पाणी सांडलेच होते, तेव्हा निकालाविषयी माझी तक्रार नाही. तिथे निदान डबा उघडला गेला! आपल्या राजधानीत तेवढेही लागत नाही. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षिततेच्या सूचनांची पुस्तिका काढली. त्यात बांबूचे कोंब, आखुनी आणि तत्सम वासाचे पदार्थ शेजारपाजाऱ्यांत गडबड न होऊ देता करावेत असा सल्ला होता. आखुनी म्हणजे मासा नव्हे, आंबवलेले सोयाबीन. पण नाकाला मासा आणि सोयाबीन यांत भेद करायचा नसतोच. खोलीवर चालून येणाऱ्यांसाठी पुस्तिका निघाली नाही. ती निघाली स्वयंपाक करणाऱ्यांसाठी. सुरक्षितता म्हणजे वास येऊ न देणे, असा हा राज्यकारभाराचा अर्थ.

याच विषयावर निकोलस खारकोंगोर यांचा 'आखुनी' हा चित्रपट २०१९ साली आला. मैत्रिणीच्या लग्नासाठी दिल्लीतल्या भाड्याच्या घरात आखुनी घालून डुकराचे मांस करायचे आहे. ते शिजवायचे कुठे, एवढाच कथेचा प्रश्न. प्रश्न अचूक पकडला आहे. पदार्थाला इथे कारण आहे, लग्न आहे, माणसे आहेत; नुसता वास नाही. बेंदांग या तरुणाच्या मनात पूर्वी झालेल्या मारहाणीची जखम आहे, तीही हास्याच्या आड पुरती झाकलेली नाही. तरीही चित्रपट शेजाऱ्यांच्या सहनशीलतेशी येऊन थांबतो. त्यांनी जरा समजून घ्यावे, यांनी जरा सांभाळून घ्यावे. 'सहन करणे' या भाषेत नाकाची मालकी शाबूत राहते. मालक नाक धरत होता, आता धरत नाही. पण नाक त्याचेच, आणि वास यांचाच. मुंबईत सुकट-बोंबील भाजणाऱ्याला सोसायटीत घर नाकारताना नेमकी हीच भाषा वापरली जाते: आमचे काही नाही हो, बाकीच्या सभासदांना चालत नाही.

आता आपल्या बाजूची अडचण. ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, शिळेपाके उष्टे तुकडे मागणे सोडा, असे आपल्या लोकांना सांगितले आणि लोकांनी ते ऐकले. मग उग्र वासाच्या अन्नाची बाजू घेणारा त्या आदेशाच्या विरुद्ध जातो का? शहरी, शिकलेल्या आपल्या घरांतून हा प्रश्न विचारला जातो, आणि चौकात सुकटीचा वास सुटला की खिडक्या लावल्या जातात. माझे उत्तर असे, की बाबासाहेबांचा नकार जिभेचा नव्हता, नाकाचाही नव्हता. मृत मांस हे महारकीच्या करारातले कलम होते. जनावर ओढून नेण्याच्या सक्तीचा तो मोबदला होता. ते सोडणे म्हणजे करार मोडणे. मणिपुरी बाई मडक्यात ङारी भरते तेव्हा ती कोणाचा करार पाळत नाही, आपले कसब वापरते. सक्तीने गळ्यात मारलेले अन्न आणि टंचाईतून अकलेने घडवलेले अन्न यांचा वास एकच असू शकतो. पण दोहोंचा इतिहास एक नाही. हा भेद नाकाला कळत नाही. म्हणून तर समीक्षा लागते. आणि याच कारणासाठी मला 'विद्रोही अन्न' म्हणून उग्र पदार्थांचे सोहळे भरवणेही पटत नाही. मुद्दाम शिळे, मुद्दाम उग्र खाऊन दाखवणारा पुन्हा त्याच नाकासमोर खेळ करत असतो, फक्त बाजू बदलून.

शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या चुलीची नोंद केली, ती मला या दृष्टीने मोलाची वाटते. वाचकाला चाखायला बोलावणे हा तिचा सूर नाही. काय मिळत होते, काय मिळत नव्हते आणि त्यातून काय शिजत होते, याची ती सरळ हकीगत आहे.

माशाच्या बाबतीत असे काम व्हायला हवे. आपल्या किनाऱ्यावर ऊन कडक आणि मीठ हाताशी, म्हणून इथे मासा आंबवण्याऐवजी वाळवला गेला. हाच सुका मासा घाट चढून आठवडे बाजारांत पोचला आणि समुद्र कधी न पाहिलेल्या वस्त्यांच्या भाकरीवर आला. सुकट-बोंबलाची पाटी बाजारात कोणत्या टोकाला बसते, धान्याच्या ओळीपासून किती लांब, विकणारी कोण, घेणारी कोण, माप कोणते, उधारी कशी चालते, गावात भाजताना दार लावतात की उघडे ठेवतात, अशी साधी टिपणे शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या बाजारांतून लिहून काढावीत. चव कशी आहे ते शेवटी लिहिले तरी चालेल.